सान ब्लासच्या बेटावर मुलीचा वाढदिवस कसा करावा?

तुमचा प्रश्न असा: फेब्रुवारीत शिडाच्या बोटीने पनामाच्या सान ब्लासमध्ये असाल, तिथेच मुलीला आठवं वर्ष पूर्ण होतंय, आसपासच्या तीन-चार बोटींवरची मंडळी जमवून एखाद्या निर्जन बेटावर केक कापायचाय, तर तयारी काय करावी?

निर्जन म्हणजे बेवारशी नव्हे, हे आधी लक्षात घ्या. हा गुना या आदिवासी लोकांचा स्वायत्त प्रदेश, नाव 'गुना याला'. साडेतीनशेहून जास्त बेटं आहेत आणि रिकाम्या दिसणाऱ्या बेटावरच्या माडांनाही धनी असतो. खाली पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही, विकत घ्यायचा. आदल्या दिवशी बेटाची राखण करणाऱ्या कुटुंबाला भेटा, किती माणसं येणार, शेकोटी करायची का, ते विचारा. उतरण्याचे थोडे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. तिथे अमेरिकन डॉलर चालतो, पण सुटे मिळत नाहीत, म्हणून एक आणि पाचच्या नोटा भरपूर ठेवा. त्या घरच्या मुलांनाही केकला बोलवा. भेट म्हणून गुना बायकांनी शिवलेला मोला घ्या. कापडाचे थर एकावर एक ठेवून, वरचे कापत खालचा रंग काढलेला असतो. आठ वर्षांच्या पोरीला कासव किंवा पक्ष्याचा आवडेल.

तारखेला चिकटून राहू नका. फेब्रुवारीत ईशान्येचा व्यापारी वारा पंधरा-वीस नॉट (ताशी सागरी मैल) सहज असतो, काही दिवस त्याहून जास्त. आपल्याकडे तिथीचा आणि तारखेचा असे दोन वाढदिवस असतातच, तिसरा वाऱ्याचा धरा. प्रवाळाच्या रांगेआड पाणी सपाट असेल आणि नांगर दोन दिवस हललेला नसेल तो दिवस चांगला. साखळीत कंजुषी नको. सहा मीटर पाणी आणि नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) एक मीटर उंची धरली, तर पाचपटीने निदान पस्तीस मीटर साखळी सोडा. किनाऱ्यावर असताना बोट सगळ्यांच्या नजरेसमोर हवी.

वेळ दुपारी साडेतीनची द्या आणि पावणेसहाला आवरायला घ्या. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, पण त्याआधीच वारा पडला की चिलटं उठतात. डोळ्यांना दिसत नाहीत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत फोडून काढतात. सूर्यास्ताच्या फोटोसाठी थांबलेली पार्टी बहुतेक वेळा खाजवत परतते. शिवाय सूर्य कलला की पाण्याखालची प्रवाळाची डोकी दिसत नाहीत आणि डिंगीचा, म्हणजे किनाऱ्यावर ने-आण करणाऱ्या छोट्या होडीचा, पंखा नेमका तिथे आपटतो.

आता केक. ओव्हन नसेल किंवा गॅस जपायचा असेल तर पाच लिटरचा कुकर पुरतो. तळाला दोन वाट्या जाडं मीठ, त्यावर जाळी किंवा तीन पायांची चकती. कुकरचं झाकण मात्र लावू नका. त्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह कोरड्या उष्णतेने वितळू शकतो. घट्ट बसेल अशी ताटली झाका आणि वर वजन ठेवा. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून घ्या. अंड्याशिवायचं प्रमाण: २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १२५ ग्रॅम मैदा, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा, ६० मिलि तेल, ७५ मिलि पाणी आणि शेवटी एक चमचा व्हिनेगर. हे सतरा-अठरा सेंटीमीटरच्या डब्यात मावतं, मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. पहिली तीस मिनिटं ताटली उचलू नका, मधला भाग खाली बसतो. माणसं बारा असतील तर लागोपाठ दोन केक करा, म्हणजे कंडेन्स्ड मिल्कचा चारशे ग्रॅमचा डबा एकाच सकाळी संपतो आणि उरलेल्या निम्म्याची चिंता राहत नाही.

केक न फुगण्याचं नेहमीचं कारण दमट हवेत मेलेली बेकिंग पावडर. चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली नाही तर फेका. मैदा, कंडेन्स्ड मिल्क, मेणबत्त्या हे सगळं पनामाच्या किनाऱ्यावरच्या पोर्टोबेलो किंवा 'लिंटन बे' इथेच घेऊन ठेवा, पुढे भाजी विकणाऱ्या होड्यांवर हे मिळेलच असं नाही. लोण्याचं आयसिंग उन्हात ओघळतं. त्याऐवजी पिठीसाखर, कोको आणि जेमतेम पाणी कालवून पातळ थर द्या. आणि खरं सांगू का, विकतच्या नारळाचा चव घालून रव्याचा घट्ट शिरा डब्यात थापून उपडा केला, तर तो उन्हात, डिंगीत, पोरांच्या हातात केकपेक्षा जास्त टिकतो.

औक्षण सकाळी केबिनमध्येच उरकून घ्या, पुळणीवर निरांजन पेटणार नाही. त्याआधी सिलिंडरची कळ बंद करा आणि तळाशी गॅसचा वास येत नाही ना ते बघा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साठतो. केकवरच्या मेणबत्त्यांना आडोसा म्हणून बूड कापलेली प्लास्टिकची मोठी बाटली तोंड वर करून धरा, बूच काढून. फुगे नेऊ नका, फुटलेले तुकडे समुद्रात गेले की कासवं गिळतात. बोटीचे संकेतध्वज दोन माडांमध्ये ओळीने बांधले की सजावट झाली. मात्र बसायची जागा नारळाच्या घडाखाली नको.

डिंगी बेटाच्या वाऱ्याआडच्या बाजूला लावा. केकचा डबा झाकणाच्या बादलीत घालून मधोमध, तळाशी ठेवा, नाळेकडे पाणी उडतं. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला असू दे. इथे भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आतच असतो, तरी डिंगी ओढून ठेवा आणि दोर बांधा.

शेकोटीला परवानगी मिळाली तर सोडणं आणि वाळक्या झावळ्याच जाळा, झाडावरची फांदी तोडू नका. कॅरिबियन किनाऱ्यावर मान्सानिय्यो नावाचं झाड असतं, लहान हिरव्या सफरचंदासारखं फळ आणि चकचकीत पान. त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, धूर डोळ्यांत गेला तर फार वाईट, आणि पावसात त्याखाली उभं राहिलं तरी पाण्यासोबत चीक उतरतो. मुलांना ते फळ आधीच दाखवून ठेवा. निखारे वाळूने झाकायचे नाहीत, आत तासन्‌तास धगधगतात आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी अनवाणी पाय त्यावर पडतो. समुद्राचं पाणी दोन-तीन बादल्या ओता आणि हात ठेवता येईल इतकं गार झालं की मगच निघा. कचरा सगळा बोटीवर परत न्यायचा, मेणबत्त्यांची बुडखीसुद्धा.