उत्पन्न वाढल्याविना माणसाचे भले होऊ शकते का?

प्रश्न : पृथ्वीवरील साधने मर्यादित असल्यामुळे अर्थव्यवस्था अखंड वाढत राहू शकत नाही, हे मला पटते. पण माझा मुलगा म्हणतो की, वाढ थांबली तर दवाखाने आणि शाळाही थांबतील. वाढीची वाट न पाहता लोकांचे जीवन खरोखर सुधारल्याचे एखादे उदाहरण आहे का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर : असे उदाहरण आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. पहिल्या महिन्यात बाळे दगावतात ती मुख्यतः जंतुसंसर्गाने, जन्मताच श्वास गुदमरल्याने किंवा दिवस भरण्याआधी जन्मल्याने. आणि यांवरचे पुष्कळसे उपाय करण्यासाठी घराची मिळकत आधी दुप्पट व्हावी लागत नाही. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले. त्या बाळंतपणाला हजर राहत, पुढे महिनाभर घरी जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, त्याला ऊब कशी द्यावी आणि अंगावर कसे पाजावे हे आईला दाखवीत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खर्च आला दर बाळामागे सुमारे ५.३ डॉलर.

गडचिरोलीची गरिबी त्या तीन वर्षांत हटली नव्हती, आणि ती तशीच राहावी असे मी मुळीच म्हणत नाही. आरोग्यदूताच्या पिशवीतले औषध आणि सुई कारखान्यातच तयार झाली होती, म्हणून तुमच्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहे : उत्पादन लागतेच, आणि जिथे पोटभर अन्न नाही तिथे ते वाढलेही पाहिजे. मात्र किती उत्पादन झाले आणि ते कोणाच्या दारापर्यंत पोहोचले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत घडविणारे सायमन कुझनेट्स यांनीही १९३४ मध्येच बजावले होते की, या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान क्वचितच काढता येते. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केले आणि शिक्षण व सार्वजनिक आरोग्यसेवेवर सातत्याने पैसा लावला. आज तेथील माणसाचे सरासरी उत्पन्न अमेरिकनाच्या तुलनेत कितीतरी कमी असूनही त्याचे आयुर्मान मात्र जवळपास तेवढेच आहे.