भिंतीवरचं भग्न चर्च

प्रश्न : महालातल्या वाड्यात आजोबांच्या खोलीत एक जुनं चित्र आहे. बिनछपराचं चर्च, वेलींनी वेढलेलं. पुढ्यात गाई अन् डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई. खाली 'टिंटर्न अ‍ॅबे' लिहिलंय. खरं आहे का हो हे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, जागा तर खरीच. वेल्समधला हा मठ 1131 चा. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं 1536 मध्ये तो बंद केला, छपराचं शिसं काढून नेलं. म्हणून तिथलं चर्च बिनछपराचं. पुढं चित्रकारांची तिथं रीघ लागली. टर्नर या इंग्रज चित्रकारानंही 1790 च्या दशकात तो रंगवला.

गाई अन् बाई मात्र चित्रकाराच्या सोयीच्या. माणूस उभा केला की कमान किती उंच ते कळतं. मला तर त्या बाईचं गाठोडंच आधी पाहावंसं वाटतं. आपल्या देवगडावरही गुराखी दिसला की फोटो जिवंत होतो, तसंच.

आता भिंग घ्या. ओळीनं ठिपके दिसले तर अलीकडची छपाई. बारीक रेघा, अन् कडेनं कागद चौकोनी दबलेला असेल तर धातूच्या पत्र्यावरून काढलेला ठसा. खाली डाव्या कोपऱ्यात बहुधा चित्रकाराचं नाव असतं, उजवीकडे कोरणाऱ्याचं.

आणि हो, चित्र कूलरसमोर आहे का? असेल तर आजच हलवा. माझ्या एका ठशावर दोन उन्हाळ्यांत तपकिरी डाग पडले, चूक माझीच. मागचा पुठ्ठाही बदलून घ्या.