काठमांडूच्या बसमध्ये बसण्याआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बेत दोनदा वाचला. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूर, सरहद्दीवरचं सोनौली, काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ आणि परत, सगळं नऊ दिवसांत. एकही दिवस कोरा नाही. आमच्या डेपोत कुणी असा तक्ता लावला असता तर कंट्रोलरने हात जोडले असते. आधी दोन दिवस मोकळे सोड, मग पुढचं वाच. दरड पडेल, चक्का जाम होईल, पोट बिघडेल. यातलं काहीच झालं नाही तर पोखऱ्याला तळ्याकाठी बसून राहा, कुणी रागावणार नाही.

एकतीस वर्षं मी कंडक्टरकी केली, त्यात कन्नडचा घाट किती वेळा चढलो-उतरलो याचा हिशेब नाही. लोक गाडी पकडायला धावतात हे रोज बघितलं. चुकीची गाडी सोडून देणारा माणूस मात्र क्वचितच दिसला. मलाही ते जमलं ते निवृत्तीनंतर, नेपाळातच.

काठमांडूहून रात्रीच्या बसने सोनौलीकडे परत येत होतो. दुसऱ्या दिवशीचं गोरखपूरचं रिझर्व्हेशन खिशात. ड्रायव्हर सारखा मानेवरून हात फिरवत होता, कडाक्याच्या थंडीत त्याच्या बाजूची काच उघडी. खलासी बॉनेटवर बसून त्याच्याशी अखंड बोलत होता. प्रवाशांना वाटतं गप्पा रंगल्यात. आम्हाला कळतं, तो त्याला जागा ठेवतोय. मुगलिंगला गाडी चहाला थांबली, तसा मी पिशवी घेऊन खाली उतरलो तो उतरलोच. खलासी चिडला, भाडं गेलं, रात्र एका ढाब्याच्या बाकावर काढली. आणि खरं सांगू? ती गाडी सुखरूप पोचली. माझं रिझर्व्हेशन मात्र बुडालं आणि भुसावळपर्यंत जनरल डब्यात उभा राहून आलो. घरी सगळे हसले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उतरेन.

ऑगस्ट २०२४ तुला आठवतच असेल. वरणगाव-भुसावळकडच्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली, २७ जणं गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर दरडीने दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या होत्या. हे घाबरवायला लिहीत नाही, ते काम तुझी आई करेलच. पण आषाढ-श्रावणात तिकडच्या घाटात जाऊ नकोस, आणि डोंगरातला प्रवास दिवसाच कर. दसरा-दिवाळीच्या सुमारास आभाळ धुतल्यासारखं असतं. फक्त दसरा म्हणजे त्यांचं दशैं, तेव्हा अख्खं काठमांडू गावाकडे निघतं आणि बसपार्कवर पाय ठेवायला जागा नसते. दिवाळी होऊ दे, मग नीघ.

काठमांडू ते पोखरा साधारण २०० किलोमीटर. वाचून वाटेल, जळगावहून संभाजीनगरला जाऊन थोडं पुढे. तसं धरू नकोस, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नकोस. जाताना उजवीकडची खिडकी माग, त्रिशूली त्याच बाजूला आहे आणि हिमशिखरंही. सीट मधली घे. मागच्या चाकावर बसलीस की रात्री कंबर बोलते. शेजारी बाई हवी असेल तर काउंटरवरच सांग, संकोच करू नकोस. मोठी बॅग टपावर जाईल. औषधं, पैसे, कागदपत्रं मांडीवर.

व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. आधारवर विसंबू नकोस. नोटा शंभराच्या ने. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. भाव सांगितला की आधी विचार, ‘आयसी की एनसी?’ म्हणजे भारतीय की नेपाळी. मी पहिल्याच दिवशी विचारलं नाही आणि चहाचे दीडपट पैसे देऊन बसलो. घड्याळ सोनौलीलाच पंधरा मिनिटं पुढे कर. तिकिटावर तारीख विक्रम संवताची असू शकते. अक्षरं आपलीच असल्यामुळे वाचता येते, आणि त्यामुळेच फसायला होतं. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आपली तिथी तिथे लावू नकोस. बस नक्की कोणत्या वारी आहे, ते तोंडाने विचारून घे.

मुक्तिनाथचं एक सांगायचं राहिलं. पोखरा आपल्या तोरणमाळपेक्षाही खाली आहे, मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. एका दिवसात एवढं चढू नकोस. जोमसोम किंवा मार्फाला एक रात्र काढ, पाणी पीत राहा. डोकं ठणकायला लागलं आणि उलटी आली तर दर्शन राहू दे, खाली ये. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारनंतर वारा असा सुटतो की डोळ्यांत रेती जाते, आपला मे महिन्यातला फुफाटा बरा. रुमाल जवळ ठेव. जोमसोमहून वरची जीप आपल्या काळी-पिवळीसारखी, भरली की निघते. सकाळी लवकर गेलीस तर तासभर वाट बघावी लागेल, एवढंच.

दशम्या आणि कोरडा ठेचा बरोबर ने, गोरखपूरपर्यंत पुरतील. पुढे डाळ-भात आहेच, आणि ताट रिकामं दिसलं की ते पुन्हा वाढतात.

माझ्यासाठी शाळिग्राम वगैरे आणू नकोस. तिकिटं तेवढी सगळी आण, फाटकी असली तरी. टेबलावर मांडून बघायची आहेत.

तुझा,
काका