विद्यार्थी देवाणघेवाणीच्या कामात नव्याने येणाऱ्या सहकारी मैत्रिणीस

विद्यार्थ्याला विमानात बसवून दिले की आपले काम संपले, असे कधीही समजू नका. १९४६ मध्ये अमेरिकेत फुलब्राइट आणि १९८७ मध्ये युरोपात इरॅस्मस या परदेशी शिक्षणाच्या देवाणघेवाणीसाठी मदत करणाऱ्या योजना सुरू झाल्या. तेव्हापासून अर्ज, निवड, विमा यांची घडी बरीच बसली आहे आणि ती कामे तुम्ही सहज शिकाल. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, जेव्हा नवलाई ओसरते, भाषा अजून अंगवळणी पडलेली नसते आणि घरच्या आठवणीने रात्री झोप लागत नाही. फोनवर मला नेहमी ‘सगळे छान आहे’ असे सांगणारी एक मुलगी रोज दोन घास खाऊन ताटावरून उठते, हे तिच्या यजमान कुटुंबातील आईने कळवले तेव्हा कुठे मला समजले. म्हणून यजमानांशी स्वतंत्रपणे बोलत चला, आणि विद्यार्थ्याला ‘कसा आहेस?’ असे न विचारता ‘काल जेवताना कोणाशी बोललास?’ असे विचारा. परदेशात घेतलेले विषय मूळ विद्यापीठ ग्राह्य धरेल, हे निघण्यापूर्वीच लेखी घ्या. परतल्यावर स्वतःचेच घर काही काळ परके वाटते, याकडे फारच दुर्लक्ष होते असे माझे मत आहे; त्याची कल्पना पालकांना आधीच द्यावी.