फी भरलीत, पण त्याला सांगितलंत का?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, मार्क बरे. तुम्ही स्वतः पंचवीस वर्षं इंजिनं खोलता-बांधता. त्याला मात्र कॉम्प्युटरवर इंजिनाचं मॉडेल बनवून त्यावरून कंट्रोल सिस्टिम डिझाइन करायच्या आहेत. तुमच्या लेखी हा खेळ. ‘हात काळे न करता इंजिनिअर कसला?’ आणि कॉम्प्युटरच करायचा तर सरळ सॉफ्टवेअरची नोकरी धरावी, म्हणून तुम्ही एका कोर्सची फी भरून मोकळे झालात. इथवर समजू शकतो. पण शेवटी लिहिता, ‘त्याला अजून सांगितलेलं नाही, परीक्षा झाल्यावर सांगू.’

एकवीस वर्षांच्या मुलाचं पुढचं वर्ष ठरलं, आणि ते त्याच्याआधी मला कळलं. पत्रभर ‘आम्ही’ आहे: ‘आमचं सहावं सेमिस्टर’, ‘आमचा एक विषय राहिला होता’. विषय त्याचा राहिला होता, तुमचा नव्हे. शेवटचा पेपर उद्या असता तर मीही थांबा म्हटलं असतं. परीक्षेला दीड महिना आहे.

एक वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: ‘रात्री दोन-दोनपर्यंत जागतो, म्हणे मॉडेलमधलं इंजिन आयडलला हंटिंग करतं.’ अहो, याच कामाचा तर पुढे पगार मिळतो! गाडी उभी असताना रेस अशी आपोआप खालीवर होणं तुम्हाला नवं नाही. रेस पडली की कंट्रोलर थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडतो. आलेली हवा आधी मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे नेणारी नळी, भरते, मग सिलिंडरमध्ये जाते, आणि तिचा जोर क्रँकला मिळायला आणखी अर्धा फेरा जातो. 600 आरपीएमला अर्धा फेरा म्हणजे 50 मिलिसेकंद. तेवढ्यात उतावळा कंट्रोलर थ्रॉटल जास्तच उघडून बसतो, रेस चढते, की लगेच तो बंद करायला धावतो. म्हणून खऱ्या ईसीयूत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या गाडीतल्या कॉम्प्युटरात, झटपट दुरुस्ती स्पार्कचं टायमिंग पुढेमागे करून होते. त्याचा परिणाम पुढच्याच स्फोटाला दिसतो. हवा सावकाश मागून येते.

आता तो ‘खेळ’. सिम्युलेशन म्हणजे पडद्यावर फिरणारं चित्र, असं तुमच्या डोक्यात बसलंय. ईसीयू गाडीत बसण्याआधी त्याला एका कॉम्प्युटरला जोडतात आणि तो कॉम्प्युटर इंजिनाचं सोंग घेतो. क्रँक सेन्सरसमोरचं 60 दातांचं, त्यातले दोन गाळलेलं चाक तुम्ही पाहिलंच असेल. 6000 आरपीएमला तिथून दर 167 मायक्रोसेकंदांनी एक दात सरकतो. सोंगाड्याला ती पल्स तितक्याच नेमकेपणे द्यावी लागते. चुकली की ईसीयू फॉल्ट टाकतो. मग फुल लोडवर एकेका सेन्सरची वायर तोडून बघतात. खऱ्या इंजिनावर हा प्रयोग केला, तर पिस्टन उतरवायला ते तुमच्याकडेच आणावं लागेल.

मुलाची वकिली करतोय असं समजू नका. आलेख सरळ आला की जिंकलो, असं या वयात वाटतं. त्याने बहुधा क्रॉस्ली आणि कुक यांच्या 1991 च्या इंजिन-मॉडेलवरून सुरुवात केली असेल. सिम्युलिंक या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत ते असतं. त्यातलं टॉर्कचं समीकरण प्रयोगाच्या आकड्यांवरून बसवलेलं आहे, दुसऱ्या इंजिनाला ते जसंच्या तसं लागू पडत नाही. मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं तर आयडलचं काय होतं, हे त्याला विचारून बघा. तुम्हाला ते कानाने कळतं. त्याला ते थ्रॉटल चुकवून आत येणारी हवा म्हणून मॉडेलमध्ये घालावं लागेल, आणि किती हवा, हे तुमच्यासमोरच्या इंजिनावर मोजून घ्यावं लागेल. हात तिथे काळे होतील.

विजेच्या गाड्यांमुळे इंजिनंच संपणार, ही भीती या बाबतीत फारशी खरी नाही. मोटर आणि बॅटरीचे कंट्रोलही याच पद्धतीने बनतात. पदव्युत्तर प्रवेश परीक्षांची माहिती कॉलेजात मिळेल. कंट्रोल थिअरी आणि सी भाषा पक्की करू दे.

कोर्सची फी परत मिळते का ते बघा. मिळो न मिळो, त्याला आज सांगा. आणि पुढचं पत्र त्याच्या हातचं येऊ द्या. आयडलचा आलेख जोडायला सांगा, गेन, म्हणजे कंट्रोलर किती जोराने दुरुस्ती करतो तो आकडा, किती ठेवलाय तेही.