कॅलिफोर्नियात काउंटीला पुढे किती घरं लागणार हे ठरवतं कोण?

काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकटी नाही ठरवत. आधी राज्याचं हाऊसिंग खातं लोकसंख्येचा अंदाज, घरांमधली दाटी, भाड्याचा बोजा वगैरे बघून अख्ख्या विभागाला एक आकडा देतं, बे एरियाला (सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासचा भाग) 2023 ते 2031 साठी 4,41,176 घरांचा मिळाला, मग तो नऊ काउंट्या आणि त्यातल्या शहरांत उत्पन्नगटांप्रमाणे वाटला जातो. उदाहरणार्थ सँटा क्लारा काउंटीत सॅन होजेसारखी शहरं आपला वाटा स्वतः बघतात, काउंटीकडे फक्त शहरहद्दीबाहेरचा भाग, तिथे बरीचशी शेती नि डोंगर.

आता गंमत अशी की घरं बांधायची सक्ती नाहीये, फक्त तेवढी घरं बसतील अशी जमीन झोनिंग करून (म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल ते ठरवून) आपल्या घरांच्या प्लॅनमध्ये दाखवायची, बांधणार बिल्डरच आणि तेही त्याला परवडलं तर, म्हणून महागडी घरं होतात आणि कमी उत्पन्नवाल्यांचा कोटा मागे पडतो. प्लॅन राज्याच्या नियमात बसला नाही तर मात्र बिल्डरला ठराविक टक्के स्वस्त घरं देऊन स्थानिक झोनिंगला बगल देता येते, हा दट्ट्या चांगलाच लागू पडतो असं माझं मत. तिथे राहत असाल तर प्लॅनच्या जाहीर सुनावणीला जा, बोलायला नागरिकत्व लागत नाही.