रमाबाईंचं 'आमच्या', बेबीताईंचं 'आमचं'

प्रश्न असा आलाय: रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाचं नाव 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' (१९१०). आठवणी बाईंच्या, मग 'माझ्या' का नाही? हे आदरार्थी अनेकवचन का?

नव्हे. स्वतःला तसं लावायचे राजे, नाहीतर जुने संपादक. रमाबाईंचं 'आमच्या' सरळ दोघांचं आहे, त्यांचं आणि त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांचं. पुस्तक आलं तेव्हा न्यायमूर्तींना जाऊन नऊ वर्षं झाली होती. १९३८च्या इंग्रजी भाषांतराचं नाव तर 'हिमसेल्फ'! म्हणजे दोघांतले तेवढे 'ते' उरले. मला मात्र त्यातली सगळ्यात जिवंत पानं वाटतात ती घरातल्या बायकांचे टोमणे खात शिकणाऱ्या पोरसवदा सुनेची, म्हणजे एकटीची.

यात व्याकरणाचीही गंमत आहे. 'मी' घेतला की क्रियापद लगेच चुगली करतं: मी शिकले, मी सांगते. 'आम्ही शिकलो' म्हटलं की बाई की बुवा, कळायला मार्ग नाही. (कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो' म्हणतात, ती गोष्ट वेगळी.) अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मचरित्राचं नाव 'सांगत्ये ऐका' म्हणून ठसठशीत वाटतं. सर्वनाम गाळलंय, तरी बोलणारी बाई आहे आणि एकटी आहे, हे त्या 'त्ये'वरूनच कळतं.

दलित लेखिका बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं' (१९८६) या आत्मकथनाच्या नावातलं 'आमचं' आणखी निराळं. ते नवराबायकोचं नाही, अख्ख्या महारवाड्याचं आहे. आणि ते 'आपलं' नाही, हे महत्त्वाचं. मराठीत 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट, 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. हिंदीच्या 'हम'मध्ये ही सोय नाही. वाड्याबाहेरच्या वाचकाला शीर्षकातच उंबऱ्याबाहेर थांबवलंय. शिवाय 'जीवन' नाही, 'जिणं'. कुत्र्याचं जिणं म्हणतो आपण, कुत्र्याचं जीवन कुणी म्हणत नाही.

पण यावरून 'दलित लेखिका आम्हीच लिहितात' असा नियम काढू नका. त्याच सुमारास शांताबाई कांबळे यांचं पुस्तक आलं: 'माझ्या जल्माची चित्तरकथा'. तिथे चक्क 'माझ्या', आणि शेजारी 'जन्म' नव्हे, बोलीतला 'जल्म'.